बोटभर उघडं राहणारं दार

४ मार्च, मंगळवार

बाईसाहेब,

माझं सगळं बदललं ते आमच्या घराचं दार आपटलं गेलं नाही त्या क्षणी. हे वाचून तू कपाळाला हात लावला असशील. लाव. पण पुढे वाच. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान केरात टाकायला तरी उचलावं लागतं.

आमचं दार तू ओळखतेस. पहिल्यांदा आलीस तेव्हा बेल वाजवून अगदी फळीला नाक लावून उभी राहिली होतीस, आणि आईनं दार उघडलं तशी तुला दोन पावलं मागे सरावं लागलं, कारण ते बाहेरच्या बाजूला उघडतं. साऱ्या जगाची दारं आत उघडतात, तुमचंच का बाहेर, असं तू बाबांना विचारलंस आणि बाबा म्हणाले, "बरं असतं." झालं. सुतार माणूस, बोलतोसुद्धा रंधा मारून पातळ केलेलं.

त्या दाराची दुसरी खोड तुला माहीत नसणार, कारण तू कधी चिडून आमच्याकडून निघाली नाहीस. ते आपटता येत नाही. बाबांनी बिजागऱ्या अशा काही बसवल्यात की मिटताना दार किंचित वर चढतं. शिवाय चौकटीच्या खाचेत चामड्याची जाड पट्टी ठोकलेली. कितीही जीव खाऊन ढकला, दार वाटेतच दमतं आणि चौकटीच्या बोटभर अलीकडे थांबतं. उरलेलं बोटभर मागे फिरून, हात टेकवून, आपण लावायचं. रागावून घराबाहेर पडणाऱ्या माणसाचा याच्याइतका अपमान दुसरा नाही.

त्या दिवशी मी बाबांना कॉलेज सोडल्याचं सांगितलं. तू नोकरीसाठी परदेशी निघून गेल्यावर मला तिथल्या बाकांवर बसवेना, हे काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, हातातलं वर्ष पुरं कर, मग कुठे जायचं तिथे जा. एवढ्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्ही कुणाला शिकवता? युद्ध संपल्यावर तुमच्याबरोबरचे सगळे घरी आले आणि तुम्ही वर्षभर तिकडे राहिलात, ते कुणासाठी?

हे आमच्या घरातलं जुनं कोडं. बाबा तरुणपणी फौजेबरोबर या देशात, म्हणजे मी आत्ता जिथून लिहितोय तिथे, लढायला आले होते. परतले ते एक वर्ष उशिरा, आणि का ते कधी बोलले नाहीत. आत्या म्हणते, बाई होती. आईनं त्याचा विनोद करून टाकला. बाबा हातात रंधा धरून कुठेतरी बघत बसले की ती म्हणते, "गेले सवतीकडे." पण तोंडावर कुणी कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडून दार फेकलं.

ते थांबलं. बोटभर. मला मागे फिरावं लागलं, आणि त्या फटीतून बाबा दिसले. स्टुलावर बसले होते, डोळे मिटून, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून. माझं ऐकायचं नाही म्हणून कान झाकले होते. इतकं सोपं. मी तिथल्या तिथे ठरवलं की ही बाई शोधायची आणि यांच्यासमोर उभी करायची, निदान तिचा पत्ता तरी. मोटारसायकल विकली, तिकीट काढलं.

तू याच देशात नोकरी करतेस हा योगायोग आहे. हसू नकोस.

सध्या बंदरावर आहे. बाबांची तुकडी उतरली तेव्हा पहिला मुक्काम इथल्या एका गोदामात होता. तिथे आता टायर विकतात. त्याच्याच माळ्यावर मी खोली घेतली आहे. सगळं अंथरूण रबराचा वास मारतं. इथून बाबांच्या मागोमाग आत जायचं आणि २३ तारखेच्या रविवारी तुझ्या गावी यायचं, असा बेत आहे. गाडी दुपारी पोहोचते. तू घरी अस.

आणि हो. तुझ्या खोलीच्या कडीबद्दल तू माझ्या आईपाशी बोललीस असं कळलं. ती कडी आधीच सैल होती. सुताराच्या पोराला एवढं समजतं.

काडेपेटी

(हे नाव तूच ठेवलंस, आता सही करायला उपयोगी पडतंय.)


९ मार्च, रविवार

बाईसाहेब,

बाबांची छावणी सापडली. आता तिथे शाळा आहे. जिथे फौजेचे तंबू होते तिथे पोरं कवायत करत होती, आणि त्यांना ती फौजेइतकीच नकोशी वाटत होती. शाळेचा पहारेकरी म्हातारा आहे, एका पायानं लंगडतो, आणि बोलायला माणूस मिळाला की सोडत नाही. त्याला माझ्याइतकंच मोडकं इंग्रजी येतं, त्यामुळे आमचं छान जमलं.

एक गंमत सांगतो. आमच्या कारखान्यात बाबा काही शब्द वापरतात: फळी धर, सोड, हळू, जरा वर. पण हे असे मराठीत नाही म्हणत. त्यांचे त्यांचे शब्द आहेत, विचित्रच, आणि मी लहानपणापासून ते सुतारकामाचे शब्द समजत आलो. बंदरावर एक हमाल दुसऱ्याला ओरडला आणि मी चमकलो. तो म्हणत होता "सोड", आणि मला कळलं. आपल्याला या देशाची भाषा येते हे मला या देशात येऊन समजलं. चारच शब्द, पण येतात. गाडीत गर्दी झाली की "जरा वर" म्हणतो, लोक सरकतात.

पहारेकऱ्यासमोर मी ऐटीत ते शब्द म्हणून दाखवले, तर तो काठीवर रेलून हसायला लागला. म्हणाला, शब्द बरोबर आहेत, पण तू ते दुधाचे दात पडलेल्या मुलासारखे बोलतोस. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी शिकवलेत, ते सैनिक होते. तर म्हणतो, मग ते सैन्य बालवाडीतून भरती केलं असणार. माझा पारा चढला होता, पण लंगड्या म्हाताऱ्याला काय करणार. चहा पाजला.

मग त्याला फोटो दाखवला. निघताना आईनं माझ्या हातात बाबांचा इथला एकुलता एक फोटो ठेवला होता. वर म्हणाली, सवतीचा पत्ता लागलाच तर विचार, यांना कोणती भाजी आवडायची, मला तर अजून कळलेलं नाही. आईचं हे असं असतं. हसते, आणि आपल्याला कळत नाही की हसते आहे की आणखी काही.

फोटोत बाबा रस्त्याच्या कडेला उभे आहेत, बारीक, माझ्याएवढे. शेजारी एक रिकामी खुर्ची. मागे पाण्याची उंच टाकी. आत्याचं म्हणणं, खुर्ची तिची. फोटो काढताना ती लाजून उठून गेली. मलाही तसंच वाटतं. नाहीतर रस्त्यावर खुर्ची कोण मांडतं, आणि मांडली तर तिच्यावर बसत का नाही?

तसे बाबा कुणाकडेच बसत नाहीत. तू पाहिलं असशील. कुणाच्या घरी दाराचं काम करायला गेले की चहासुद्धा उंबऱ्याबाहेर उभ्यानं पितात. लोक म्हणतात, काय मानी कारागीर. मला लाज वाटायची.

पहारेकऱ्यानं टाकी ओळखली. लहान गाव आहे, इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. त्याची नात त्याच गावात दिली आहे. लढाईच्या शेवटी शेवटी छावणीतल्या तुकड्या तिकडे पाठवल्या होत्या, म्हणाला. कशासाठी, हे मी विचारलं. एवढा बोलका माणूस. घंटा द्यायची वेळ झाली म्हणाला आणि गेला, आणि घंटा काही बराच वेळ वाजली नाही.

उद्या निघतो. तुझ्या गावच्या रेल्वेनकाशावर हे टाकीचं गाव तुझ्यापासून चार स्टेशनांवर दिसतं. म्हणजे मी रोज तुझ्याकडेच सरकतो आहे. चालतो बाबांच्या मागे, पोहोचतो तुझ्यापाशी. तू म्हणशील हे वाक्य मी आधीच तयार करून ठेवलं होतं. हो, ठेवलं होतं.

काडेपेटी


१३ मार्च, गुरुवार

बाईसाहेब,

सवत सापडली.

क्रमानं सांगतो. टाकी स्टेशनातूनच दिसते. तिच्या खाली एकच लांब गल्ली, दोन्ही बाजूंनी लहान दुमजली घरं. मी फोटो हातात धरून उलटासुलटा चालत होतो, तेवढ्यात एका घरातून एक बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली आणि दार माझ्या खांद्याला लागलं. तिनं माफी मागितली. मी ऐकत नव्हतो. दार बघत होतो.

बाहेर उघडणारं दार. मी गल्लीत मागेपुढे गेलो. सगळी दारं बाहेर उघडणारी. पलीकडच्या गल्लीत जाऊन बघितलं, तिथली आत उघडणारी, जगासारखी. परत आलो. वरची बिजागरी किंचित आत, खालची किंचित बाहेर, चौकटीत चामड्याची पट्टी. वेडा म्हण, पण मी एका दारावर हात ठेवला आणि मला घरी गेल्यासारखं झालं, म्हणजे रागसुद्धा आला.

ज्या घराच्या दारानं मला धक्का दिला त्यांच्याकडेच खोली भाड्यानं मिळाली. मालकीणबाई पन्नाशीच्या आतबाहेर, एकट्या राहतात, गावच्या पोस्टात काम करतात. मी मनात त्यांना हेडबाई म्हणतो. पहिल्याच दिवशी नियम ऐकवले. बूट घरात आणायचे नाहीत, बाहेरच्या पायरीवर काढायचे. रेडिओ हळू. जिन्यावर पळायचं नाही. मी म्हटलं, दार आपटायचं नाही हे राहिलं. तर माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, ते या घरात आपटतच नाही. मी म्हटलं, कोणी केलं हे दार? म्हणाल्या, फौजेतल्या एकानं. आणि नळ सोडून भांडी घासायला लागल्या.

मी कोण ते सांगितलेलं नाही. आधी हळूच सगळं बघून घ्यायचं असं ठरवलं आहे. हसू नकोस, मलाही धीर धरता येतो, तीन दिवस धरला आहे.

आता ऐक. बैठकीच्या खोलीत त्यांच्या आईचा फोटो आहे. आई आता नाहीत. पण फोटोत तरुण, आणि इतकी सुंदर की माणसानं वर्षभर काय, जन्मभर राहावं. नवरा युद्धाआधीच वारलेला. एकटी बाई, लहान मुलगी, समोर एक तरुण सुतार. अजून काय हवं? आणि कुणा एकीच्या घराचं दार केलं असं लोकांना दिसू नये म्हणून पठ्ठ्यानं अख्ख्या गल्लीची दारं केली. मला बाबांचा हेवा वाटला, खरं सांगतो. असं माझ्या हातून का नाही होत? मी तुझ्यासाठी काय केलं? एक कविता, तीही तू दुरुस्त करून परत दिलीस.

पण मग ते परत का गेले? भित्रेपणा, दुसरं काय. एवढं प्रेम करायचं आणि मग हातपाय गाळून घरी जाऊन लग्न करायचं. मी तसं करणार नाही, हे लिहून ठेव. २३ तारखेला येतोच आहे.

पत्ता पाकिटावर आहे. एक ओळ तरी पाठव.

काडेपेटी


२० मार्च, गुरुवार

तुझं पत्र आज आलं. मालकीणबाईंनीच पोस्टातून आणलं आणि टेबलावर ठेवलं. मी ते जिन्यातच फोडलं. दोन ओळी. दोन.

"रविवारी येऊ नकोस. त्या दिवशी मी दार उघडायलाच येत होते."

बास? एवढ्या पत्रांना एवढंच? मी समुद्र ओलांडून आलो, आणि तू म्हणतेस येऊ नकोस? येणार. रविवारची कशाला वाट बघू, आजच येतो. संध्याकाळची गाडी आहे. तिकीट काढून आणलंय. तू कडी लावून बस नाहीतर कुलूप लाव, मला काय फरक पडतो, मी सुताराचा मुलगा आहे, कुठलंही दार


२१ मार्च, शुक्रवार

बाईसाहेब,

सोबतचं कालचं पत्र अर्धवटच आहे. ते टाकणार नव्हतो, पण तुझ्यापासून काही लपवायचं तर मग पत्रं कशाला लिहायची, म्हणून जोडतो आहे. ते अर्धं का राहिलं ते सांगतो.

ते वाक्य लिहिता लिहिता मी उठलो. बॅग घेतली. बूट पायरीवर काढायचा नियम होता, पण तिकीट घेऊन आलो तेव्हा मी ते काढलेच नव्हते, आणि घरातून तसाच धडधडत खाली आलो. मालकीणबाई बैठकीत काहीतरी शिवत होत्या. त्यांनी हाक मारली बहुतेक. मी बाहेर पडलो आणि दार फेकलं. आयुष्यात फेकलं नसेल इतक्या जोरानं.

ते थांबलं. बोटभर.

सवयीनं मागे फिरलो. फटीतून त्या दिसल्या. खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, डोळे मिटून, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून. शिवण पायाशी पडलेलं.

मी दार परत उघडलं. बूट पायरीवर काढले. बाबांचा फोटो खिशातच होता, तो त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, हे माझे वडील. दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी आधी बाबांकडे बघितलंच नाही. त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून तीच खुर्ची उचलून आणली. पाठीची एक पट्टी नंतर बदललेली, बाकी तीच. मला तिच्यावर बसवलं नाही. समोर ठेवली आणि आम्ही दोघंही जमिनीवर बसलो.

मग त्यांनी सांगितलं. मी तुला त्यांच्या क्रमानं सांगतो, कारण माझा क्रम चुकीचा होता.

त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. एका सकाळी फौज गल्लीत शिरली. कुणीतरी लपलंय असा संशय होता. हाका मारत बसायला वेळ नव्हता म्हणे, म्हणून सरळ दारं तोडत गेले. एकामागून एक. या मुलीला आवाज लांबून जवळ येताना ऐकू येत होता, घरं मोजता येतील असा. त्यांच्या घरात तिची आई, ती आणि आईचे म्हातारे वडील. तेव्हा हे दारही आतच उघडायचं.

"आजोबा म्हणाले, तोडू द्यायचं नाही, आपणच उघडू," मालकीणबाई म्हणाल्या. "ते कडी काढायलाच गेले होते. त्यांचा हात कडीवर होता. तुझ्या वडिलांनी लाथ मारली आणि दार त्यांच्या अंगावर आलं."

आजोबा आठवड्याच्या आत गेले. गल्लीत कुणीही लपलेलं सापडलं नाही.

बाईसाहेब, मी तिथे बसलो होतो आणि मला तुझी दुसरी ओळ आठवली. काल ती मी वाचलीच नव्हती. नुसती डोळ्यांनी वाचली होती.

पुढचं ऐक. युद्ध संपलं, फौज निघून गेली. गल्लीत दारांच्या जागी पोती आणि पत्रे लटकत होते. आणि एक दिवस तो परत आला, एकटा, गणवेश नाही, खांद्यावर हत्यारांची पिशवी. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. यांच्या आईनं त्याला लगेच ओळखलं. ओळखू नये म्हणून त्यानं काही केलंच नव्हतं. उलट यांच्याच घरासमोर येऊन स्वतःच्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं आणि उभा राहिला. आईनं पोतं खाली सोडलं. त्या पोत्यापलीकडून दिवसभर रंध्याचा आवाज येत राहिला.

त्याला कुणी घरात घेतलं नाही. त्यानंही पाऊल टाकायला मागितलं नाही. टाकीखालच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या वापरायचा. माप बाहेरून, चौकट बाहेरून, बिजागऱ्या बाहेरून. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत उघडणारं लाथेनं आत जातं. बाहेर उघडणारं चौकटीवर अडतं, कितीही मारा. आणि मिटताना आवाज नको होता, कारण गल्लीत कुठेही काही आपटलं की लहान मुलं कान झाकून खाली बसायची. म्हणून ती बिजागरी आणि ते चामडं. पहिली बरीच दारं त्याला पुन्हा काढावी लागली, मालकीणबाई म्हणाल्या, ती आवाज करत होती. आवाज झाला की तो स्वतःही कान झाकायचा.

फळी धरायला दुसरं माणूस लागतं. कुणी पुढे येईना. शेवटी गल्लीतली पोरं आली, आयांच्या नकळत. यांनी स्वतः धरली. धर, सोड, हळू, जरा वर, हे त्याला त्यांनी शिकवलं.

मी ते शब्द म्हणून दाखवले. मालकीणबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. "अगदी तसंच," म्हणाल्या. "माझा पुढचा दात पडला होता तेव्हा."

म्हणजे तो पहारेकरी चुकला नव्हता.

सवत वगैरे कुणी नव्हती. त्यांची आई त्याच्याशी वर्षभरात एक शब्द बोलली नाही. पण शेवटचं दार, म्हणजे गल्लीच्या त्या टोकाचं, चालू असताना एका दुपारी तिनं ही खुर्ची उचलली, गल्लीभर चालत नेली, त्याच्या शेजारी ठेवली आणि परत आली. तेवढंच. कुणीतरी गावातल्या फोटोवाल्याला बोलावलं. तो बसला नाही. काम झाल्यावर बसतो, असं हातानं सांगितलं. काम झालं, तेव्हा पिशवी उचलून स्टेशनाकडे गेला. खुर्ची तिथेच राहिली, आईनं ती संध्याकाळी घरी आणली.

"माफ केलं का आईनं?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "खुर्ची नेली, एवढं माहीत आहे."

वडिलांचं प्रेमप्रकरण काढायला आलो होतो. मला हवी असलेली संध्याकाळची गाडी तेवढ्यात स्टेशनातून गेली, तिची शिटी इथे ऐकू आली.


२३ मार्च, रविवार

बाईसाहेब,

आज तुझ्या गावी पोहोचायचा दिवस. मी येत नाही.

तू खिडकीशी उभी राहून वाट बघत असशील, असा माझा समज नाही. दार लावून, जीव मुठीत धरून बसली असशील, असं वाटतं, आणि ते मला दोन दिवस सहन होत नव्हतं. म्हणून हे पत्र मालकीणबाई आज सुट्टी असूनही पोस्टात जाऊन सकाळच्या थैलीत घालणार आहेत. तरी ते तुला उद्याच मिळेल. आजचा दिवस तुला आवाजाकडे कान लावूनच काढावा लागणार. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

तुझ्या कडीबद्दल मी पहिल्या पत्रात जे लिहिलं ते खोडून टाक. ती घट्ट होती, माझ्या धक्क्यानं तुटली.

काल काम केलं. इथल्या दाराची चामड्याची पट्टी पार वाळून फुटली होती. मालकीणबाईंनी कधी बदलली नाही. गावातला सुतार म्हणाला होता की आता रबराची मिळते, ती लावू, आणि यांनी त्याला परत पाठवलं. मी म्हटलं, मी बदलतो. म्हणाल्या, तुला येतं? मी म्हटलं, नाही, पण आयुष्यभर बघितलंय.

चांभाराकडून चामडं आणलं. पहिली पट्टी तिरकी कापली गेली. दुसरी आखूड. तुला माझी पद्धत माहीतच आहे, इथे मी एरवी हत्यार फेकून दिलं असतं आणि चामड्याला शिव्या घातल्या असत्या. घातल्याही, मराठीत, मालकीणबाईंना कळलं नाही. मग तिसरी कापली. पाण्यात भिजवून, हातानं ताणून, खाचेत बसवत गेलो. दार धरायला दुसरं माणूस लागतं. त्या आल्या. मी म्हणायचो "हळू", त्या हळू करायच्या. मी म्हणायचो "जरा वर", त्या माझे शब्द दुरुस्त करून परत म्हणायच्या, मोठ्या माणसांसारखे. मी आता मोठ्या माणसांसारखं "जरा वर" म्हणू शकतो. बाबांना शिकवावं लागेल.

दुपारी त्यांनी ती खुर्ची बाहेर आणून माझ्या शेजारी ठेवली. मी काम करत राहिलो. पट्टी बसली, दार चार वेळा फेकून बघितलं, चारही वेळा बोटभर अलीकडे थांबलं, आवाज असा की जणू मांजर बसलं. गल्लीतल्या दोन बायका आपापल्या दारात येऊन बघत होत्या. मग हात पुसले आणि बसलो. बाबांच्या वतीनं वगैरे काही नाही, पाय दुखत होते. मालकीणबाईंनी चहा आणला. आम्ही दोघांनी तो तिथेच प्यायला, रस्त्यावर, लोक बघत असताना.

बाबांना काय सांगायचं हे ठरलेलं नाही. त्यांनी काय केलं ते मला कळलंय, हे सांगावं की नाही, तेही कळत नाही. त्यांनी लाथ मारली होती आणि त्यांनीच दारं बसवली; मी या दोन्हींचा मुलगा आहे, आणि यातलं एकच घेता येत नाही. इतके दिवस मला वाटायचं ते परत आले हा भित्रेपणा. आता वाटतं, या गल्लीतून उठून पुन्हा माणसांत जाणं जमलं कसं. खुर्ची अजून आहे, एवढं सांगेन बहुतेक. आणि आईला सांगेन की भाजीचं कुणाला विचारताच आलं नाही, यांना इथे कुणी जेवायला वाढलं नव्हतं.

तुझ्याकडे काही मागत नाही. तुला लिहावंसं वाटलं तर घरचा पत्ता तुला पाठ आहे. नाही वाटलं, तर मी तुझ्या दाराशी येऊन उभा राहणार नाही. तू उघडायलाच येत होतीस, हे मला आता माहीत आहे. माझ्यापाशी तेवढं पुरेसं असेल की नाही हे मात्र माहीत नाही.

तुझ्या गावचं तिकीट खिशात आहे, गुरुवारचं, बाद झालेलं. बंदराची गाडी त्याच फलाटावरून सुटते, फक्त उलटीकडे. तिची वेळ झाली. बॅग भरलेली आहे, बूट पायरीवर आहेत. मालकीणबाई आत शिवत बसल्या आहेत. त्यांचा निरोप घेऊन झाला, तरी त्या दाराकडे बघत आहेत, मी कसा जातो ते.

हे पाकीट टेबलावर ठेवतो. आता बाहेर जाईन, बूट घालेन, दार सोडून देईन. ते सावकाश येईल आणि बोटभर अलीकडे थांबेल. मग मी मागे वळेन, फळीवर तळहात टेकवेन आणि ते लावेन.